टाकी काही भरेना!

‘‘मॅडम, टाकी फुल्ल आहे तुमची.’’

पंपावरच्या पोरानं हे सांगितलं तेव्हा सकाळचे सव्वासहा वाजले होते आणि माझ्या डोळ्यांसमोर पेट्रोलचा काटा लाल पट्टीवर आडवा पडला होता. मशीनवर आकडा होता बासष्ट रुपये. म्हणजे अर्धा लिटर आणि वर दोन-चार थेंब. ‘‘अरे बाबा, फुल्ल कशी असेल? काटा बघ की,’’ मी म्हटलं. त्यानं पुन्हा नोझल टाकीत घातलं, दाबलं. खट्! पुन्हा दाबलं. खट्! तिसऱ्या वेळी पेट्रोल उलटं उसळून बाहेर आलं, त्याच्या हातावर, गाडीच्या पत्र्यावर आणि खाली फरशीवर. मागे एक टेम्पो आणि दोन रिक्षा. टेम्पोवाल्यानं हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही.

मागच्या सीटवर सासूबाई उशीला टेकून बसल्या होत्या. आठवड्यातून दोनदा त्यांचं डायलिसिस असतं, वाशीला. सातची वेळ दिलेली असते. तिथं उशीर झाला तर मशीन थांबत नाही, त्यांच्या चार तासांतला वेळ कमी होतो. त्या काही बोलल्या नाहीत. पेट्रोलच्या वासानं त्यांना ठसका लागला तेवढाच.

‘‘साहेब नाही आले?’’ पोरानं विचारलं. मैत्रिणींनो, हा प्रश्न तुम्हालाही कधी ना कधी पडला असेल, म्हणजे दुसऱ्यानं तुम्हाला विचारला असेल. बाई गाडी घेऊन आली आणि काही अडलं, की पहिली चौकशी साहेबांची. आमचे साहेब तेव्हा नाशिकला होते आणि इथे असते तरी टाकीत फुंकर मारणार होते थोडेच! शेवटी शेजारच्या मशीनवरचे एक वयस्कर गृहस्थ आले. त्यांनी नोझल अर्धं बाहेर ओढलं, उलटं फिरवलं आणि अगदी हळू, दूध ओतावं तसं पेट्रोल सोडायला सुरुवात केली. दोनशे रुपयांचं जायला पाच मिनिटं लागली. पण गेलं. सातला दहा कमी असताना आम्ही रुग्णालयाच्या दारात होतो.

ही गाडी म्हणजे मार्च २००५ ची मारुती ८००. पांढरी, आता पांढरी म्हणायची इतकंच. आमच्या घरातली पहिली नवी गाडी. कर्ज काढून घेतली आणि चौथ्या महिन्यात २६ जुलैचा तो पाऊस आला. हे पनवेलहून येताना कळंबोलीत अडकले, पाणी सीटपर्यंत चढलं. गाडी तिथेच सोडून चालत घरी आले ते दुसऱ्या दिवशी दुपारी. सगळे म्हणाले, आता ही गाडी गेली. ती गेली नाही. दीड महिना गॅरेजमध्ये राहून परत आली आणि तेव्हापासून मुलीच्या दहावीपासून तिच्या लग्नापर्यंत सगळं तिनं पाहिलं. मी गाडी शिकले तीही हिच्यावरच, वयाच्या चाळिशीत, नेरूळच्या मोकळ्या रस्त्यांवर.

आमच्या नवी मुंबईत गाडी ही चैन आहे की गरज, असं कोणी विचारलं तर मी म्हणेन, दिवसा चैन आणि पहाटे गरज. सिडकोनं शहर आखताना रस्ते रुंद ठेवले, सेक्टर मोजून मापून पाडले. लोकल आहे, बस आहे. पण डायलिसिसहून परतणाऱ्या, पाय लटपटणाऱ्या बाईला घेऊन स्टेशनचे जिने कोण चढणार? आणि पहाटे सहाला जवळचं भाडं घेणारा रिक्षावाला भेटला तर त्या दिवशी लॉटरीचं तिकीट काढावं.

तर त्याच दिवशी दुपारी गाडी तुर्भ्याच्या गॅरेजमध्ये नेली. तिथले उस्ताद गेली पंधरा वर्षं आमची गाडी बघतात. मराठी आणि हिंदी यांची भेळ करून बोलतात. मी सगळं सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, ‘‘मॅडम, टंकी में पेट्रोल जायला जागा आहे, पण हवा बाहेर यायला जागा नाही. टंकी का साँस अटका है.’’

टाकीचा श्वास! मला आधी वाटलं, थट्टा करतात. पण त्यांनी समजावलं तेव्हा एकदम लहानपण आठवलं. आपल्या घरी रॉकेलच्या बाटलीत नरसाळं लावून रॉकेल ओतायचे, आठवतं? नरसाळं बाटलीच्या तोंडात घट्ट बसलं की रॉकेल खाली उतरायचंच नाही. वरच तुंबायचं, मग एकदम बुडबुडा येऊन गुळूक करून सांडायचं. आई नरसाळं बोटभर वर उचलायची, की झालं, सरळ खाली. कारण आतली हवा बाहेर यायला वाट मिळायची. तेलाच्या डब्यातून बरणीत तेल काढताना आजही आपण हेच करतो.

गाडीच्या टाकीला ही हवेची वाट मुद्दाम ठेवलेली असते. पेट्रोल जाण्याच्या जाड नळीच्या बाजूनं एक बारीक नळी असते, तिच्यातून हवा मागे येते. शिवाय टाकीतली वाफ सरळ हवेत जाऊ नये म्हणून कोळशाची एक डबी असते, तिला कॅनिस्टर म्हणतात. पेट्रोलची वाफ त्या कोळशात मुरते आणि गाडी चालू असताना इंजिन ती ओढून घेतं. या वाटेत कुठेही अडथळा आला, नळी दबली, मुरडली, चोंदली, की आतली हवा कोंडते आणि पेट्रोल गळ्यापाशीच अडतं.

आणि मग तो खटका. मला इतकी वर्षं वाटायचं की पंपाच्या मशीनला कळतं टाकी भरली ते. मशीनला काही कळत नाही! सगळी हुशारी नोझलमध्ये आहे, आणि तीही विजेची नाही. नोझलच्या टोकाजवळ एक बारीक भोक असतं. पेट्रोल वाहत असताना त्याच्या ओढीनं या भोकातून हवा आत खेचली जाते. पेट्रोल त्या भोकापर्यंत चढलं की हवा बंद होते, आतली ओढ वाढते, एक लवचीक पडदा सरकतो आणि दांडा सुटतो. खट्! आता पेट्रोल टाकी भरल्यामुळे तिथवर आलं की गळ्यात तुंबल्यामुळे आलं, हे त्या बिचाऱ्या भोकाला काय माहीत? त्यामुळे काटा लाल पट्टीवर असताना पोरगा ‘फुल्ल आहे’ म्हणाला, त्यात त्याचा दोष नव्हता. नोझलनं त्याला तेच सांगितलं. त्या वयस्कर गृहस्थांनी नोझल बाहेर ओढून उलटं केलं तेव्हा भोक पेट्रोलपासून लांब गेलं आणि हवेलाही वाट मिळाली. म्हणजे आईचं नरसाळंच.

आमच्या गाडीत काय अडकलं होतं म्हणाल? माती. उस्तादांनी गाडीखालून एक नळी काढली, उलटी करून आपटली आणि तिच्यातून वाटाण्याएवढा सुकलेल्या मातीचा गोळा पडला. कुंभारीण माशीचं घर! खिडकीच्या कोपऱ्यात, नळाच्या तोंडात मातीचं घरटं करते ना, तीच. मे महिन्यात आम्ही गावी गेलो होतो, गाडी झाडाखाली तीन आठवडे उभी होती. तेवढ्यात बाईंनी संसार थाटला. इतक्या जुन्या गाडीला कोणीतरी घर मानलं, याचं मला थोडं कौतुकही वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण उस्तादांचं समाधान झालं नव्हतं. त्यांनी दुसरी एक रबरी नळी माझ्या हातात दिली. ‘‘दाबून बघा.’’ दाबली तर मऊ, पावसात भिजलेल्या चपलेच्या पट्ट्यासारखी, आणि टोकाला बारीक भेगा. ‘‘ही वयानं गेली, आणि थोडी नवीन पेट्रोलमुळे. वीस टक्केवालं.’’

इथून गोष्ट नळीवरून उसावर जाते.

तुम्ही पंपावर ‘ई-२०’ अशी पाटी किंवा स्टिकर बघितलं असेल. त्याचा अर्थ, त्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे. इथेनॉल म्हणजे एक प्रकारचं अल्कोहोल, जे उसाच्या रसापासून, साखर कारखान्याच्या मळीपासून, मक्यापासून आणि तांदळापासून काढतात. आपल्याकडे हे मिसळणं २००३ साली पाच टक्क्यांनी सुरू झालं. २०२२ च्या जूनमध्ये देशभर सरासरी दहा टक्क्यांचा टप्पा गाठला गेला. वीस टक्क्यांचं पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये काही पंपांवर आलं आणि २०२५ पर्यंत ते देशात जवळजवळ सगळीकडे मिळू लागलं. खरं तर ठरवलं होतं २०३० पर्यंत, पण मुदत पाच वर्षं अलीकडे ओढली गेली. सरकारचं म्हणणं असं, की परदेशातून तेल कमी आणावं लागतं, धूर कमी होतो आणि पैसा शेतकऱ्याच्या घरात जातो.

मात्र वीस टक्के पचवतील अशा नळ्या, रबरं आणि धातूचे भाग नव्या गाड्यांत आले ते एप्रिल २०२३ पासून. त्याआधीच्या गाड्यांचं काय? आमची तर २००५ ची. इथेनॉल काही प्रकारच्या जुन्या रबराला फुगवतं, मऊ करतं किंवा कडक करून भेगा पाडतं. शिवाय ते हवेतलं पाणी ओढून घेतं, आपल्या मिठासारखं. पावसाळ्यात मीठ कसं ओलं होतं? आणि आमच्याकडे तर एका अंगाला खाडी, हवा कायम दमट. गाडी बरेच दिवस उभी राहिली आणि टाकीत पाणी जास्त जमलं, की इथेनॉल त्या पाण्याबरोबर पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं. टाकी पत्र्याची असेल तर गंजाची भीती.

पेट्रोलियम मंत्रालयानं ऑगस्ट २०२५ मध्ये याबद्दल सविस्तर खुलासा केला. तपासण्यांमध्ये जुन्या गाड्यांनाही विशेष अपाय दिसला नाही, काही जुन्या गाड्यांत वीस-तीस हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केटं बदलावी लागतील, पण तो खर्च किरकोळ असतो, असं त्यात म्हटलं होतं. ई-२० घातल्यानं विमा रद्द होतो ही आवई आहे, असंही सांगितलं. हे मला पटतं. माझ्या नळ्या बदलायला मजुरी धरून हजाराच्या आत खर्च आला. किरकोळ म्हणायला हरकत नाही. फक्त ती नळी पहाटे सव्वासहाला न फुटता गॅरेजमध्येच हातात आली, हे नशीब.

मायलेजचं मात्र तसं नाही. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ताकद कमी असते. हे गणित कोणालाही बदलता येत नाही. नीती आयोगाच्याच २०२१ च्या अहवालात लिहिलं आहे, की मूळ साध्या पेट्रोलसाठी बनलेल्या आणि दहा टक्क्यांना जुळवलेल्या चारचाकीचं ॲव्हरेज ई-२० वर सहा ते सात टक्के घटेल, तशाच दुचाकीचं तीन ते चार टक्के. मी हिशेबाची वही ठेवते, दुधाच्या वहीच्या मागच्या पानावर. गाडी महिन्याला सहाशे किलोमीटर पळते. आधी सोळाचं ॲव्हरेज होतं, आता पंधरा. म्हणजे साडेसदतीस लिटरच्या जागी चाळीस लिटर. लिटरला शंभराच्या वर भाव धरला तर महिन्याला अडीचशेच्या वर गेले. वर्षाचे तीन हजार. मोठी रक्कम नाही, पण लहानही नाही. सासूबाईंच्या दोन इंजेक्शनांचे पैसे होतात.

हे सगळं मी फोनवर भावाला ऐकवलं. माझं माहेर कराडजवळचं, घरचा ऊस. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, ‘‘ताई, तुझ्या गाडीचे अडीचशे गेले, खरंय. पण कारखान्याला इथेनॉलचे पैसे लवकर मिळतात. पूर्वी साखर पडून राहायची आणि आमची बिलं पण पडून राहायची. आईच्या मोतीबिंदूच्या वेळी किती महिने वाट बघितली होती, विसरलीस?’’

नाही विसरले. त्या वर्षी मीच पैसे पाठवले होते. मी गप्प बसले. म्हणजे माझ्या माहेरचा ऊस माझ्या गाडीच्या नळ्या कुरतडतोय आणि माझ्या माहेरचं घरही चालवतोय! आता भांडायचं कोणाशी?

तरीही एक गोष्ट मला खुपते. पर्याय का नाही? ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल दहा टक्के इथेनॉलचं झालं, तेव्हा जुन्या गाड्यांसाठी पाच टक्क्यांचं पेट्रोल बऱ्याच पंपांवर ठेवलं गेलं. महाग असतं, पण मिळतं. ब्राझीलमध्ये तर आपल्यापेक्षा कितीतरी जास्त इथेनॉल मिसळतात, ऑगस्ट २०२५ पासून तीस टक्के. पण तिथं कुठल्याही मिश्रणावर चालणाऱ्या गाड्या २००३ पासूनच रस्त्यावर आहेत, लोकांना वीस वर्षं सवय करायला मिळाली. आपल्याकडे इथेनॉल नसलेलं पेट्रोलही ठेवा आणि पंपावर ठळक लिहा, अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली होती. ती १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली गेली. निकाल झाला, विषय संपला. पण निदान पाटी तरी मोठ्या अक्षरात असावी, एवढं म्हणायला कोणाची हरकत नसावी. लोणच्याच्या बाटलीवर तेल कोणतं ते लिहावं लागतं, मग इथेही लिहा.

सासूबाईंचं मत वेगळं आहे. त्या म्हणतात, प्रत्येक वेळी असंच असतं. आमच्या सासऱ्यांची फिएट होती, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. एप्रिल १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांत शिसं नसलेलं पेट्रोल आलं आणि फेब्रुवारी २००० पासून देशात शिशाचं पेट्रोल बंदच झालं. तेव्हा जुन्या गाडीवाल्यांत हीच घबराट होती. जुन्या इंजिनांतल्या व्हॉल्व्हच्या बैठकीला शिशाचा लेप संरक्षण द्यायचा, तो नसेल तर इंजिन बसणार, असं सासरे रोज संध्याकाळी सांगत. अमेरिकेत सत्तरच्या दशकात तर नव्या गाड्यांच्या टाकीचं तोंडच अरुंद केलं होतं, शिशाच्या पेट्रोलचं जाड नोझल त्यात जाऊच नये म्हणून. सासऱ्यांच्या फिएटचं इंजिन बसलं नाही. ते स्वतः गेले, मग गाडी गेली. ‘‘आणि शिसं गेलं ते बरंच झालं ना? पोरांच्या रक्तात जायचं ते,’’ सासूबाई म्हणतात. यावर बोलायला काही उरत नाही. त्यांना सातवी झाल्यावर शाळेतून काढलं होतं, पण पेपर पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचतात. काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचा ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत शेवटचा दिवस झाला, ते कात्रण त्यांनी पोथीत ठेवलंय.

जुन्या गाड्यांना पेट्रोल न मिळण्याची आणखी एक तऱ्हा दिल्लीत झाली. १ जुलै २०२५ पासून तिथे पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्या आणि दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना पंपावर इंधन द्यायचंच नाही, असा हुकूम निघाला. पंपांवर कॅमेरे बसले, नंबर प्लेट वाचणारे. लोकांनी इतका आरडाओरडा केला की आठवडाभरात तो थांबवावा लागला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानंही वयावरून कारवाई नको म्हटलं, मग डिसेंबर २०२५ मध्ये हे संरक्षण फक्त बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतं ठेवलं. आमची गाडी त्याच्या कितीतरी आधीची. दिल्लीत राहत असतो तर तिची रवानगी भंगारातच होती. आपल्याकडे वयासाठी पंपावर अडवण्याचा नियम नाही. पंधरा वर्षं झाली की आरटीओत तपासणी करून पाच वर्षांसाठी पुन्हा नोंदणी करायची, हरित कर भरायचा. ती नोंदणी फी एप्रिल २०२२ मध्ये सहाशेवरून पाच हजार झाली आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीला दहा हजार. जुनं ठेवायचं तर पैसे मोजा, असा इशाराच तो.

पेट्रोल नको तर सीएनजी घ्या, असं म्हणणाऱ्यांनी आमच्या शेजारच्या वहिनींना विचारावं. त्यांच्या जुन्या वॅगन आरला नंतर बसवलेलं किट आहे. गॅसच्या टाकीची दर तीन वर्षांनी दाबाची तपासणी करून घ्यावी लागते आणि त्याची पट्टी गाडीत लावावी लागते. ती मुदत संपल्याचं वहिनींच्या लक्षातच नव्हतं. पाऊण तास रांगेत उभं राहून नंबर आला आणि पंपावरच्यानं पट्टी बघून हात हलवला. वहिनी चिडल्या, पण तो बरोबर होता. दोनशे पट दाबाचा गॅस जुन्या, न तपासलेल्या टाकीत भरायचा म्हणजे सीटमागे बॉम्ब ठेवण्यासारखंच. नंतर नोव्हेंबर २०२५ मध्ये चेंबूरच्या खत कारखान्याच्या आवारात गॅसच्या मुख्य वाहिनीला धक्का लागला आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईत सीएनजीचे पंप कोरडे पडले. त्या दिवशी वहिनींची रांग सेक्टरला वळसा घालून गेली होती. मी पेट्रोलवर गाडी चालवत त्यांच्या समोरून गेले. हात केला, पण हसले नाही.

आता तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठे मोटार, आमची आपली स्कूटी. पण गोष्ट तीच आहे. २०२० च्या आधीच्या बऱ्याचशा स्कूटींना कार्बुरेटर असतो आणि बरेच दिवस उभी राहिलेली स्कूटी पावसाळ्यात सुरू व्हायला त्रास देते. आठवड्यातून एकदा तरी चक्कर मारून आणा, अगदी मंडईपर्यंत का होईना. टाकी तळाला लागेपर्यंत थांबू नका, कारण रिकाम्या जागेत दमट हवा राहते. सर्व्हिसिंगला द्याल तेव्हा ‘पेट्रोलच्या नळ्या दाबून बघा’ असं तोंडानं सांगा, सांगितल्याशिवाय कोणी बघत नाही. आणि खटका पडला की थांबा. दहा-वीस रुपयांचा राऊंड फिगर करायला आणखी दाबून भरायची आपल्याकडे फार हौस. ते जास्तीचं पेट्रोल वाफेच्या नळीत शिरतं, तिथून कोळशाच्या डबीत, आणि ती डबी एकदा पेट्रोलनं भिजली की कामातून जाते. उस्ताद म्हणाले, अर्ध्या गाड्यांचा हा रोग राऊंड फिगरमुळेच होतो. अर्ध्या की पाव, ते त्यांनाच माहीत.

पंपावर झीरो बघायचं तर सगळ्यांना माहीत आहे. २०१७ मध्ये ठाणे पोलिसांनी राज्यभरच्या पंपांवर छापे घालून मशीनमध्ये फेरफार करून माप मारणारे पकडले, तेव्हापासून मी आणखी एक शिकले. प्रत्येक पंपावर वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप असतं. शंका आली तर ते मागवून आपल्यासमोर मोजून दाखवा म्हणायचा आपल्याला हक्क आहे. मी एकदाच मागितलं. तिथल्या मॅनेजरनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग मागच्या रांगेकडे, मग माप आणलं. बरोबर भरलं. मी आभार मानले. त्या पंपावर त्यानंतर मला कोणी ‘साहेब कुठे’ विचारलं नाही.

गाडी विकावी का, हा विषय घरात अजून निघतो. मुलगी म्हणते, ‘‘आई, नवी घे, ऑटोमॅटिक घे.’’ हे म्हणतात, दहा हजार नोंदणीला घालण्यापेक्षा हप्त्याला घालू. हिशेब त्यांचाच बरोबर आहे, मी वहीत करून बघितला. पण नव्या गाडीची सीट उंच असते आणि सासूबाईंना ८०० च्या सीटवरच पाय न उचलता बसता येतं, हे वहीत कुठल्या रकान्यात लिहायचं ते मला कळत नाही.

नळ्या बदलल्यावर पहिल्यांदा त्याच पंपावर गेले. तोच पोरगा होता. त्यानं गाडी ओळखली आणि नोझल आधीच उलटं धरलं. ‘‘सरळ धर,’’ मी म्हटलं. त्यानं साशंक नजरेनं सरळ केलं आणि दाबलं. आकडे पळायला लागले. शंभर, तीनशे, सातशे. कुठे खट् नाही. मागच्या सीटवरून सासूबाई काच खाली करून मशीनकडे बघत होत्या, ओठांत मोजत होत्या. दोन हजारांच्या पुढे गेल्यावर खटका पडला.

‘‘अजून थोडं टाकू का मॅडम? राऊंड फिगर?’’

मी नाही म्हणायच्या आत मागून सासूबाईंचाच आवाज आला, ‘‘नको रे बाळा. भरलं तिचं पोट.’’